पस्तीस दिवस आणि दहा रिकाम्या खुर्च्या : २०१८-१९च्या अमेरिकी शटडाऊनचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

अमेरिकी संघ सरकारचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर काँग्रेसनं (प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून तिथली संसद) बारा विनियोजन विधेयकं, म्हणजे खात्यांना खर्चाची मंजुरी देणारी विधेयकं, मंजूर करायची आणि अध्यक्षांनी त्यांवर सही करायची, अशी अपेक्षा असते. बाराच्या बारा वेळेत झाली, असं क्वचितच घडतं. मग राहिलेल्या खात्यांसाठी ‘गेल्या वर्षीच्याच दरानं, अमुक तारखेपर्यंत’ असा तात्पुरता ठराव करून वेळ मारून नेतात. ती तारीख उलटली आणि नवा कायदा झाला नाही, की त्या खात्यांना खर्चाचा अधिकार राहत नाही.

इथं एक जुना कायदा आडवा येतो : अँटिडेफिशियन्सी ॲक्ट. मंजुरीविना खर्चाची जबाबदारी अंगावर घ्यायची नाही, आणि माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका असल्याशिवाय कुणाकडून फुकट कामही करून घ्यायचं नाही, असं तो सांगतो. कायदा एकोणिसाव्या शतकातला असला, तरी १९८०पर्यंत मंजुरीत खंड पडला तरी खाती बहुतेक तशीच चालत. १९८० आणि १९८१मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्याचा अर्थ कडक लावला, आणि तेव्हापासून मंजुरी संपणं म्हणजे दारं बंद होणं. शटडाऊन हे राज्यघटनेतलं कलम नाही. तो एका कायदेशीर अभिप्रायाचा परिणाम आहे. पुढचं सगळं समजायला हे लक्षात ठेवावं लागतं.

आपल्याकडे ही अवस्था का येत नाही, तेही इथंच उरकू. भारतात लोकसभेनं सरकारची मागणी फेटाळली, तर सरकारच जातं. अर्थसंकल्पाला उशीर होणार असेल, तर अनुच्छेद ११६खाली लेखानुदान घेता येतं. एप्रिल १९९९मध्ये वाजपेयी सरकार एका मतानं पडलं, तरी संसदेनं अर्थसंकल्प चर्चेविना मंजूर करून दिला. अमेरिकेत अध्यक्ष, सिनेट आणि प्रतिनिधिगृह यांपैकी कुणीही अडून बसलं, तरी कुणाची खुर्ची जात नाही. सगळे आपापल्या जागी राहतात, फक्त पगार थांबतात, आणि तेही इतरांचे.

२०१८च्या सप्टेंबरअखेरपर्यंत बारापैकी पाच विधेयकं कायदा झाली होती. संरक्षण, कामगार, शिक्षण, ऊर्जा, माजी सैनिक आणि आरोग्य खात्याचा बहुतांश भाग सुरक्षित होता. उरलेली सात तात्पुरत्या ठरावावर होती. त्याची मुदत आधी ७ डिसेंबर होती. माजी अध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांच्या निधनामुळे ती २१ डिसेंबरपर्यंत वाढवली. या सात विधेयकांत नऊ खाती अडकली होती : कृषी, वाणिज्य, अंतर्गत सुरक्षा, गृहनिर्माण, अंतर्गत व्यवहार, न्याय, परराष्ट्र, वाहतूक आणि अर्थ. विधेयकांच्या सीमा आणि खात्यांच्या सीमा जुळत नाहीत, हा यातला खोडा. अन्न-औषध प्रशासन आरोग्य खात्यात येतं, पण त्याचा पैसा कृषी विधेयकातून जातो. म्हणून आरोग्य खातं चालू आणि अन्नाच्या कारखान्यांची नेहमीची तपासणी बंद, असं झालं. तटरक्षक दल अंतर्गत सुरक्षा खात्यात; म्हणून नौदलाला पगार आणि तटरक्षकांना नाही.

पेच

भांडण सातांपैकी फक्त एका विधेयकावर होतं : अंतर्गत सुरक्षा. अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांना मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर हवे होते. डेमोक्रॅट गेल्या वर्षीच्या धर्तीवर कुंपणासाठी साधारण १.३ अब्ज द्यायला तयार होते. सिनेटच्या समितीनं दोन्ही पक्षांच्या संमतीनं तयार केलेल्या विधेयकात १.६ अब्ज होते.

सिनेटमध्ये विधेयक पुढं सरकवायला ६० मतं लागतात. रिपब्लिकनांकडे तेव्हा ५१ होती, जानेवारीपासून ५३. म्हणजे डेमोक्रॅटांशिवाय पैसा मिळणार नाही आणि अध्यक्षांच्या सहीशिवाय (किंवा दोन्ही सभागृहांच्या दोन तृतीयांश मतांशिवाय) कायदा होणार नाही. नोव्हेंबरच्या निवडणुकीत प्रतिनिधिगृह डेमोक्रॅटांकडे गेलं होतं. ते ३ जानेवारीला सूत्रं घेणार होते. थांबण्यात एका बाजूची सौदाशक्ती वाढत होती, दुसरीची घटत होती.

भिंतीचा ‘भाव’ एक वर्ष आधी काय होता, हे इथं पाहिलंच पाहिजे. फेब्रुवारी २०१८मध्ये सिनेटच्या दोन्ही पक्षांतल्या एका गटानं सीमासुरक्षेसाठी २५ अब्ज डॉलर आणि त्या बदल्यात लहानपणी अमेरिकेत आणल्या गेलेल्या कागदपत्रांविना राहणाऱ्या तरुणांना संरक्षण, असा सौदा मतदानाला आणला होता. त्याला ५४ मतं पडली, सहा कमी. व्हाइट हाऊसचा त्याला विरोध होता.

डिसेंबरचे अकरा दिवस

खरे निर्णय शटडाऊनच्या पस्तीस दिवसांत झालेच नाहीत. ते त्याआधीच्या अकरा दिवसांत झाले.

११ डिसेंबरला ओव्हल ऑफिसमध्ये (अध्यक्षांच्या कार्यालयात) डेमोक्रॅटांचे प्रतिनिधिगृहातल्या आणि सिनेटमधल्या नेत्या-नेते नॅन्सी पेलोसी आणि चक शूमर यांच्याशी बैठक होती. ती कॅमेऱ्यांसमोर सुरू झाली, आणि कॅमेऱ्यांसमोरच ट्रम्प म्हणाले की सीमासुरक्षेसाठी सरकार बंद करण्याचा आपल्याला अभिमान वाटेल आणि त्याचं खापर तुमच्यावर फोडणार नाही. वाटाघाटी जाणणाऱ्या कुणालाही हे ऐकून कपाळाला हात लावावासा वाटेल. जबाबदारी आधीच स्वीकारली, तर समोरच्याला माघार घ्यायचं कारणच उरत नाही. आणि स्वतः माघार घ्यायची, तर ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घ्यावी लागते.

१९ डिसेंबरला सिनेटनं ८ फेब्रुवारीपर्यंतचा तात्पुरता ठराव आवाजी मतदानानं मंजूर केला. भिंतीचा उल्लेख नाही, मतमोजणी नाही. अध्यक्ष सही करतील, असं सिनेटमध्ये सगळे धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उजव्या विचाराच्या रेडिओ-टीव्ही समालोचकांनी आणि प्रतिनिधिगृहातल्या कडव्या गटानं एवढा गदारोळ केला, की ट्रम्पनी सभापती पॉल रायन यांना सही करणार नसल्याचं कळवलं. प्रतिनिधिगृहानं मग ५.७ अब्ज घातलेलं विधेयक २१७ विरुद्ध १८५नं मंजूर केलं. सिनेटमध्ये त्याला ६० मतं मिळणं शक्य नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. २१-२२ डिसेंबरच्या मध्यरात्री मंजुरी संपली.

तोललेले पर्याय

अध्यक्षांपुढे चार वाटा होत्या. पहिली, १९ तारखेचा ठराव सही करून फेब्रुवारीत भांडणं. पण फेब्रुवारीत प्रतिनिधिगृह पेलोसींकडे असणार होतं. दुसरी, मधली रक्कम घेणं : उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी २.५ अब्जांचा आकडा पुढं केलाही होता. नव्या वर्षात अध्यक्षांनीच तो झिडकारला आणि मध्यस्थाच्या शब्दाला किंमत उरली नाही. तिसरी, राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून दुसरीकडचा पैसा वळवणं. आणि चौथी, बंद ठेवून वाट पाहणं. चौथी निवडली गेली. तिसरी मात्र खिशात होती, आणि तीच पुढं कामी आली. मग पस्तीस दिवस कशासाठी, हा प्रश्न रिपब्लिकन सिनेटरांनाही पडला असणार.

डेमोक्रॅटांची भूमिका साधी होती : आधी दारं उघडा, मग बोलू. शटडाऊनच्या दबावाखाली एकदा पैसे दिले, की दर वर्षी हेच हत्यार निघेल, हा त्यांचा हिशेब. तो चुकीचा नव्हता. पण त्यामुळे जानेवारीभर त्यांच्याकडून नवा आकडाही आला नाही.

सर्वांत कमी चर्चा झालेला पर्याय सिनेटमधले बहुमताचे नेते मिच मॅकॉनेल यांच्याकडे होता. ३ जानेवारीला नव्या प्रतिनिधिगृहानं पहिल्याच दिवशी दोन गोष्टी मंजूर केल्या : भांडणाशी संबंध नसलेली सहा विधेयकं पूर्ण वर्षासाठी, आणि फक्त अंतर्गत सुरक्षा खात्याला ८ फेब्रुवारीपर्यंतचा तात्पुरता ठराव. ती सहा विधेयकं सिनेटमधल्या रिपब्लिकनांनीच घडवलेल्या मसुद्यांवर बेतलेली होती. ती घेतली असती, तर शेतकऱ्यांची कार्यालयं, करखातं, हवाई वाहतूक, न्यायखातं आठवड्याभरात सुरू झाली असती आणि भांडण एका खात्यापुरतं राहिलं असतं. ‘अध्यक्ष सही करणार नाहीत असं काही मतदानाला आणणार नाही’ म्हणून मॅकॉनेल यांनी ती आणली नाहीत. आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत महागडा निर्णय हाच. आठ खाती नवव्याच्या भांडणात ओलीस राहिली.

जानेवारी : ठिगळं

सुमारे आठ लाख कर्मचारी अडकले. त्यांतले अंदाजे ३ लाख ८० हजार घरी बसवले गेले आणि ४ लाख २० हजार ‘अपवादात्मक’ म्हणून बिनपगारी कामावर. पगार दर दोन आठवड्यांनी होतो. डिसेंबरअखेरचा पगार झाला, कारण तो आधीच्या कामाचा होता. म्हणून पहिले तीन आठवडे बाहेरून सगळं बरं दिसलं. कोरं पाकीट आलं ते ११ जानेवारीला. शटडाऊनचा दाह पहिल्या दिवशी नव्हे, पहिल्या हुकलेल्या पगाराला सुरू होतो.

या काळात प्रशासनानं एकेका दुखऱ्या जागेवर ठिगळ लावलं. करपरतावे मंजुरीविना देता येत नाहीत, अशी आधीची भूमिका होती. ७ जानेवारीला ती बदलली आणि करखात्यानं सुमारे ४६ हजार कर्मचारी बिनपगारी परत बोलावले. गृहकर्ज देणाऱ्या उद्योगानं तक्रार केली, तर कर्जदाराच्या उत्पन्नाची पडताळणी पुन्हा सुरू झाली. अन्नसाहाय्य योजनेचे फेब्रुवारीचे पैसे आधीच्या ठरावातल्या ‘मुदतीनंतर ३० दिवसांतली देणी’ या तरतुदीचा आधार घेऊन २० जानेवारीपूर्वीच वाटले. परिणामी अनेक कुटुंबांना पुढच्या हप्त्यापर्यंत चाळीसहून अधिक दिवस काढावे लागले. राष्ट्रीय उद्यानं कचऱ्यानं आणि नुकसानीनं भरू लागली, तेव्हा प्रवेशशुल्काचा साठलेला पैसा साफसफाईकडे वळवला. पुढं २०१९मध्येच गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसनं (काँग्रेसची लेखापरीक्षण संस्था) यांतल्या अनेक ठिगळांना कायदाभंग ठरवलं. उद्यानांचं शुल्क आणि अन्नसाहाय्य दोन्ही त्यात आले.

ठिगळामागची माणुसकी खोटी नव्हती. पण प्रत्येक ठिगळानं एकेका मतदारगटाची ओरड बंद केली, आणि ओरड हाच शटडाऊन संपवणारा एकमेव घटक असतो. परतावे अडले असते, तर कोट्यवधी करदात्यांचे फोन खासदारांकडे गेले असते. ते गेले नाहीत, म्हणून भार त्यांच्यावर सरकला ज्यांच्याकडे फोन उचलणारं कुणी नव्हतं : सरकारी इमारतींतले कंत्राटी सफाई कामगार, उपाहारगृहांतले वाढपी, पहारेकरी. १६ जानेवारीच्या कायद्यानं कर्मचाऱ्यांना मागाहून पूर्ण पगाराची हमी दिली. कंत्राटी कामगार त्यातून वगळले गेले. त्या हमीचाही उलटा परिणाम झाला : ‘शेवटी मिळणारच आहेत’ म्हणत ताणून धरणं सोपं झालं.

तटरक्षक दलाच्या सुमारे ४२ हजार सेवारतांचा १५ जानेवारीचा पगार चुकला. मंजुरीअभावी सशस्त्र दलातल्या माणसांना पगार न मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

अमेरिकेतल्या मराठी आयटीवाल्यांना या शटडाऊनची झळ बेताचीच लागली, आणि त्याचं कारणही विधेयकांच्या वाटणीत आहे. एच-१बी अर्जाआधी कामगार खात्याकडून जे श्रम-प्रमाणपत्र लागतं, ते चालू राहिलं, कारण कामगार खात्याचं विधेयक सप्टेंबरातच मंजूर झालं होतं. नागरिकत्व-स्थलांतर सेवा मुख्यतः शुल्कावर चालते, तीही चालली. बंद पडली ती ई-व्हेरिफाय, म्हणजे कर्मचाऱ्याला कामाची परवानगी आहे का हे तपासायची सरकारी ऑनलाइन यंत्रणा. स्टेम ओपीटीवरच्या (विज्ञान-तंत्रज्ञान शाखांतल्या पदवीनंतर मिळणाऱ्या वाढीव कामाच्या परवानगीवरच्या) विद्यार्थ्याला नोकरी देणारी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये नोंदलेली असावी लागते. आधी नोंदलेल्या कंपन्यांना मुदतीत सूट मिळाली, पण नव्यानं नोंदणी करू पाहणाऱ्यांची वाट बंद होती. २०१३ आणि २०२५च्या शटडाऊनमध्ये उलट झालं, श्रम-प्रमाणपत्रंच थांबली. म्हणून ‘शटडाऊनमध्ये व्हिसाचं काय?’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. त्या वर्षी कोणतं विधेयक अडकलं आहे, ते आधी पाहावं लागतं.

राजकीय आघाडीवर या काळात नाट्य भरपूर, हालचाल शून्य. ९ जानेवारीला ट्रम्प बैठकीतून उठून गेले. १६ला पेलोसींनी अध्यक्षांचं काँग्रेसपुढचं वार्षिक भाषण लांबवण्याचं सुचवलं. १७ला अध्यक्षांनी त्यांच्या परदेश दौऱ्याचं लष्करी विमान काढून घेतलं. १९ला ट्रम्प यांनी ५.७ अब्जांच्या बदल्यात काही स्थलांतरितांना तीन वर्षांचं तात्पुरतं संरक्षण देऊ केलं. वर्षापूर्वी कायमचं संरक्षण टेबलावर होतं. आता तात्पुरत्याला गिऱ्हाईक मिळणार नव्हतं.

२५ जानेवारी

२४ तारखेला सिनेटनं दोन्ही प्रस्तावांवर मतदान घेतलं. अध्यक्षांच्या योजनेला ५० विरुद्ध ४७. भिंतीविना दारं उघडणाऱ्या ठरावाला ५२ विरुद्ध ४४, म्हणजे रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटमध्ये अध्यक्षांच्या विरोधातल्या ठरावाला जास्त मतं. सहा रिपब्लिकनांनी त्याला मत दिलं होतं. दोन्ही पडले. पण कोणती भिंत आधी ढासळणार, ते दिसलं.

दुसऱ्या दिवशी ज्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, त्या हवाई नियंत्रकांबद्दल (विमानांची वाहतूक जमिनीवरून सांभाळणारे) थोडं सविस्तर सांगायला हवं. संघ सरकारच्या कर्मचाऱ्यांना संप करता येत नाही. १९८१मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांनी संपावर गेलेले अकरा हजारांहून अधिक नियंत्रक काढून टाकले होते, आणि ती आठवण त्या व्यवसायात अजून ताजी आहे. त्यामुळे कुणी संपाचा ‘स’ उच्चारत नव्हतं. पण नियंत्रक तयार व्हायला वर्षं लागतात, एका केंद्राचा माणूस दुसऱ्या केंद्राच्या हवाई क्षेत्रावर लगेच बसवता येत नाही, आणि शटडाऊनमध्ये ओक्लाहोमा सिटीतली प्रशिक्षण अकादमीही बंद होती. संख्याबळ आधीच ताणलेलं. थकलेला नियंत्रक आजारी असल्याचं कळवतो, तेव्हा त्याला खुर्चीवर बसवणंच असुरक्षित असतं. २३ जानेवारीला नियंत्रक, वैमानिक आणि हवाई सेवकांच्या संघटनांनी मिळून इशारा दिला की धोक्याची मोजदाद करणंही आता अशक्य झालं आहे.

विमानतळांवरच्या सुरक्षा तपासनीसांची गैरहजेरी २० जानेवारीलाच १० टक्क्यांवर गेली होती. वर्षभर आधी त्याच दिवशी ती ३.१ होती. पण तिथं रांगा लांबतात, विमानं उडत राहतात. नियंत्रण केंद्रात तसं नसतं.

२५ला दुसरं कोरं पाकीट आलं. त्या सकाळी वॉशिंग्टनजवळच्या आणि फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथल्या केंद्रांत माणसं कमी पडली. तेव्हाच्या बातम्यांनुसार दोन्ही मिळून जेमतेम दहा नियंत्रक गैरहजर होते. त्या केंद्रांनी विमानांमधलं अंतर वाढवलं, त्याचा ताण उत्तरेकडे सरकला आणि न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे येणारी विमानं काही वेळ जमिनीवरच थांबवली गेली. न्यूअर्क आणि फिलाडेल्फियातही उशीर झाला. दुपारी ट्रम्प यांनी १५ फेब्रुवारीपर्यंत सरकार उघडत असल्याचं जाहीर केलं. भिंतीचा एक डॉलरही नाही. दोन्ही सभागृहांनी मतमोजणीविना ठराव मंजूर केला आणि रात्री सही झाली.

निष्पत्ती

१५ फेब्रुवारी २०१९ला सही झालेल्या कायद्यात सीमेवरच्या कुंपणासाठी १.३७५ अब्ज डॉलर होते, साधारण ५५ मैलांचे. सिनेटच्या समितीच्या मसुद्यातल्या १.६ अब्जांपेक्षा कमी, डेमोक्रॅटांच्या डिसेंबरातल्या तयारीच्या जवळपास. त्याच दिवशी ट्रम्प यांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून लष्करी बांधकाम आणि इतर निधी वळवला. काँग्रेसनं ती रद्द करणारा ठराव केला, ट्रम्प यांनी कारकिर्दीतला पहिला नकाराधिकार वापरला, आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं वळवलेल्या पैशांपैकी २.५ अब्ज डॉलर खर्च करायला वाट मोकळी केली.

काँग्रेशनल बजेट ऑफिसच्या (काँग्रेसला आर्थिक अंदाज पुरवणाऱ्या कार्यालयाच्या) अंदाजानुसार अर्थव्यवस्थेचं ११ अब्ज डॉलरचं उत्पादन बुडालं. त्यातलं ३ अब्जांचं कधीच भरून न येणारं. म्हणजे कायमचं नुकसानच मिळालेल्या कुंपणनिधीच्या दुपटीहून जास्त.

काय वेगळं करता आलं असतं

एक, वाद नसलेली विधेयकं आधी सोडवून घेणं. सप्टेंबरात पाच सुटली, म्हणून नुकसान बरंच कमी झालं. जानेवारीत आणखी सहा सुटू शकली असती. ‘मग दबाव कमी होईल’ हा आक्षेप खरा आहे. पण दबाव फक्त अंतर्गत सुरक्षा खात्याचा उरला असता, आणि भांडण त्याचंच होतं.

दोन, बैठकीचं दार लावून घेणं. ११ डिसेंबरची बैठक बंद दाराआड झाली असती, तर २.५ अब्जांवर तडजोड झालीच असती असं नाही. पण माघारीची वाट तरी उरली असती.

तीन, आपोआप चालू राहणारा ठराव : मुदत संपली, की आधीच्याच दरानं खर्च सुरू. असे प्रस्ताव वर्षानुवर्षं येतात. विनियोजन समित्यांना ते नकोसे असतात, कारण मुदत हेच त्यांचं बळ. शिवाय जुन्या दरावर समाधानी असलेल्या पक्षाला मग वाटाघाटीला बसायचं कारणच राहत नाही. दार उघडं राहतं, वर्षानुवर्षं नवा अर्थसंकल्प मात्र होत नाही.

ठिगळांचा प्रश्न अधिक अवघड आहे. ती लावली नाहीत, तर गरिबाचं अन्न तुटतं. लावली, तर ताण लांबतो. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५चा शटडाऊन ४३ दिवस चालला आणि २०१९चा विक्रम मोडला. त्या वेळी सैनिकांच्या पगाराला संशोधन निधीचं ठिगळ लागलं, तर अन्नसाहाय्याचे नोव्हेंबरचे पैसे अडकून प्रकरण न्यायालयात गेलं. नियंत्रकांच्या खुर्च्या पुन्हा रिकाम्या होऊ लागल्या, तेव्हा हवाई प्रशासनानं विमानं खोळंबण्याची वाट पाहिली नाही. ७ नोव्हेंबरपासून चाळीस मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं त्यांनी स्वतःच कमी करायला सुरुवात केली, आधी ४ टक्क्यांनी.